उपरण्याखालचा हात

मी पुस्तकं लिहिते म्हटलं की संगमनेरात लोक आदरानं बघतात. कसली पुस्तकं ते सांगितलं की आदर उतरतो. माझ्या पुस्तकांत शापित घाट असतात, जलराक्षस असतात, राजवाडेही असतात. पण गोष्ट सरळ पुढे जात नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या खाली वाचकाला विचारलेलं असतं: नदी ओलांडायची असेल तर अमुक क्रमांकाच्या परिच्छेदावर जा, माघारी फिरायचं असेल तर तमुक. निवड चुकली की वाचक मरतो आणि निमूट पहिल्या पानावर येतो. माझे काका नृसिंह, आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेले, पहिलं पुस्तक चाळून म्हणाले होते, "सुकन्या, शेवट तुलाच ठरवता येत नाही, तर तो वाचकाच्या गळ्यात का मारतेस?"

प्रकाशकांचंही साधारण हेच म्हणणं पडलं. म्हणून मी आणि हर्षलनं वाचकांकडूनच आधी पैसे गोळा करून पुस्तकं छापायला सुरुवात केली. हर्षल त्याला क्राउडफंडिंग म्हणायचा, काका वर्गणी म्हणायचे. हर्षल माझा कॉलेजपासूनचा मित्र. लिहायची मी, चित्रं, नकाशे, व्हिडिओ आणि लोकांशी गोड बोलणं हे सगळं त्याच्याकडे. मला स्वतःची जाहिरात करता येत नाही. कुणी तोंडावर कौतुक केलं तरी मी निघून जायला चप्पल शोधायला लागते.

'नऊ घाटांचा देश' या आमच्या मालिकेचे दोन भाग निघाले होते. दिवाळीत त्याच देशातल्या गोष्टींचा, इतरांकडूनही लिहून घेतलेला, एक संग्रह काढला. या मालिकेसाठी मी कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडली होती. घर भाड्याचं, संसार केला नाही. माझं म्हणावं असं एवढंच होतं, तो नऊ घाटांचा देश. त्यातली प्रत्येक पायरी मी बसवली होती.

तिसऱ्या भागाचं नाव 'मुक्यांचा बाजार'. त्यात एक बाजार आहे, तिथे कुणी बोलत नाही. सगळे व्यवहार कापडाखाली, बोटांनी. ही कल्पना माझी नव्हे, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली. तिथले जुने व्यापारी अजूनही हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा चालू असतात.

वर्गणीच्या आवाहनाचा व्हिडिओ तिथेच काढायचा, असं हर्षलच्या डोक्यातून निघालं.

आम्ही बाजाराच्या दिवशी सकाळीच पोचलो. ऊन अजून अंगावर आलं नव्हतं, पण धूळ आली होती. शेणाचा, ओल्या कडब्याचा आणि उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा वास एकत्र येत होता. शिंगं रंगवलेले बैल ओळीनं उभे होते. मागे टेम्पोंचे फाळके धडाधड पडत होते. आबासाहेब नावाचे एक म्हातारे व्यापारी आम्हाला दाखवायला तयार झाले. पांढरीशुभ्र टोपी, आणि हात असे की माझे दोन्ही त्यांच्या एका हातात मावले असते.

"लई सोप्पं हाय, ताई. येक बोट धरलं तर येक, दोन धरली तर दोन. न्हाई जमलं तर हात झटकायचा. आन् जमलं तर समोरच्याची मूठ आपल्या मुठीत घट मिटायची. मूठ मिटली की संपलं. मंग देवबी आला तरी सौदा फिरत न्हाई."

"पण आबा, सौदा कशाचा करायचा?" मी विचारलं.

"पुस्तकाचा करा की," हर्षल म्हणाला. तो चार पावलांवर उभा होता, दोन्ही हातांत मोबाईल आडवा धरून. "पूर्ण मालिकेचा करा. चांगलं दिसेल."

आबासाहेबांनी हसून उपरणं टाकलं. त्यांचा हात कोरडा आणि खरखरीत होता. त्यांनी माझी दोन बोटं धरली, मी मान हलवून झटकली. तीन धरली. मी हसत होते. हर्षल "छान, छान" म्हणत होता.

मग मधे आणखी एक हात आला.

तो खरखरीत नव्हता. तळवा मऊ होता आणि घामेजलेला. मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा होता, सतत पेन धरणाऱ्यांना पडतो तसा. त्यानं माझी बोटं एकेक करून उलगडली, फार हळुवारपणे, आणि आपली मिटलेली मूठ माझ्या तळव्यावर ठेवली. ठेवून वाट बघत राहिला.

आबासाहेबांनी हात खसकन बाहेर काढला. मीही काढला. उपरणं खाली धुळीत पडलं. त्याखाली काहीच नव्हतं.

"ह्यो कुनाचा?" ते हळू आवाजात म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, आजूबाजूला बघत होते. "सौदा दोघांचा आसतोय, ताई. तिसरा हात येत न्हाई."

"काय झालं?" हर्षलनं विचारलं. मोबाईल अजून त्याच्या दोन्ही हातांत होता.

"काही नाही," मी म्हणाले.

आबासाहेबांनी पुन्हा करून दाखवायला नकार दिला. बैलाला पाणी पाजायचंय म्हणाले आणि गेले. बैल मघाशीच पाणी प्यायला होता.

मी विज्ञान शिकवलेली बाई. परतीच्या वाटेवर मी स्वतःला समजावलं की म्हाताऱ्यानं दुसरा हात खालून घातला असेल, बाजारात अशा गमती करतात. त्यांचा दुसरा हात पूर्ण वेळ बैलाच्या वेसणीवर होता, तेवढं मी सोयीनं विसरले. व्हिडिओ मात्र झकास झाला होता. उपरणं तीन ठिकाणी उचललेलं दिसत होतं. हर्षल म्हणाला, "घडी आहे ती." मीही म्हणाले, घडीच आहे.

लोकांना व्हिडिओ आवडला. मग हर्षलनं ठरवलं की प्रत्येक वाचनाच्या कार्यक्रमात हेच करायचं: लेखिका आणि वाचक उपरण्याखाली आकडा ठरवणार, वाचक त्या क्रमांकाचा परिच्छेद उघडून मोठ्यानं वाचणार. मला नको वाटत होतं. पण का नको ते सांगता येईना, आणि कारण सांगता येत नसेल तर हट्ट करू नये असं मी जन्मभर इतरांना ऐकवत आले होते.

पुणतांब्याला गोदेपासून जवळच एका वाचनालयात दुपारचा कार्यक्रम होता. पंधरावीस माणसं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मनवा नावाची राहात्याची एक मुलगी पुढे आली. तिनं दोन्ही भाग पाठ केलेले होते आणि माझी एक चूकही काढली होती, त्यामुळे मला ती लगेच आवडली. मी उपरणं टाकलं. हर्षल आत नव्हता. खिडकीतून रस्त्यापलीकडची टपरी दिसत होती, तिथे तो चहाचा ग्लास घेऊन उभा होता.

मनवानं माझं एक बोट धरलं. तिचा हात लहान, उबदार.

आणि दुसऱ्या बाजूनं तो हात आला. तोच घट्टा, तोच घाम. त्यानं मिटलेली मूठ पुन्हा माझ्या तळव्यात ठेवली.

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. कुणीतरी माझी थट्टा करत होतं आणि मला ती पकडायची होती. मी ती मूठ माझ्या मुठीत धरली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून आवळली. नखं रुतली. दुसऱ्या हातानं मी उपरणं ओढलं.

माझी मूठ रिकामी मिटलेली होती.

"मॅडम," मनवा हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तो गार हात कसा केलात?"

मी खिडकीतून पाहिलं. पलीकडे हर्षलच्या हातातला ग्लास रस्त्यावर पडून फुटला होता. तो आपल्या हाताकडे बघत उभा होता. मग त्यानं मान वर केली, मला पाहिलं आणि हात खिशात घातला.

संध्याकाळी मी आबासाहेबांना फोन लावला. त्यांचा नंबर बाजारातून आणला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"मूठ कुनी मिटली?"

"मी. पकडायला म्हणून."

पलीकडे बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला.

"मंग दिलं की तुमी, ताई."

"काय दिलं?"

"बाजारात सौदा ज्याचा चालला हुता त्ये."

मी हसून फोन ठेवला. नंतर बराच वेळ हात धूत राहिले.

दोन-तीन दिवसांनी आमच्या वर्गणीच्या पानावर एक घोषणा आली. 'नऊ घाटांचा देश' पुण्याच्या एका कंपनीनं मोबाईल गेमसाठी घेतला होता. वाचक अभिनंदनाचा पाऊस पाडत होते. खाली लिहिलं होतं: संकल्पना, लेखन आणि चित्रं, हर्षल. मी पान पुन्हा पुन्हा उघडलं. माझं नाव आभारांतही नव्हतं.

मी भर दुपारी त्याच्या खोलीवर गेले. दुधाच्या डेअरीवरची खोली, जिन्यात आंबूस वास. दार उघडंच होतं. मी येणार हे त्याला ठाऊक असावं.

"का केलंस?" मी विचारलं. आणखी बरंच बोलायचं ठरवून आले होते, पण तेवढंच निघालं. इतकी वर्षं मी या माणसासमोर कच्चं लिखाण ठेवलं होतं. आईला दाखवलं नसतं असं.

तो गोंधळल्यासारखा दिसला. नाटक करत नव्हता. त्याचं नाटक मी ओळखते.

"तूच तर हो म्हणालीस."

"केव्हा?"

"पुणतांब्याला. मूठ मिटलीस की."

"तू टपरीवर होतास, हर्षल."

"हो." त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, उताणा नाही, पालथा. "होतो खरा."

बोटांच्या मागच्या बाजूला निळसर वळ होते. त्यांत नखांच्या खुणा. त्या माझ्या होत्या. मी माझा हात त्यांवर ठेवून बघितला नाही. गरज नव्हती.

"घोडेगावलाही?"

त्यानं मान डोलावली.

"मोबाईल हातात होता तुझ्या."

"होता. तरी तुझी बोटं लागत होती हाताला. पहिल्यांदा घाबरलो मी. मग वाटलं, आता विचारून बघावं."

"मग तोंडानं का नाही विचारलंस? चार पावलांवर तर होतास."

हर्षलनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तोंडानं विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं. हात कुठून आला, कसा आला, याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. तो माझा मित्र होता आणि त्याला माझा नकार माहीत होता. एवढंच कानात वाजत राहिलं.

मी जिना उतरले.

घरी येऊन ठरवलं की भांडायचं नाही. नाव गेलं तर गेलं. देश माझ्या डोक्यात आहे. पुन्हा लिहीन, वेगळ्या नावानं. सुरुवात कशी केली होती ते बघावं म्हणून पहिला भाग उघडला.

धुकं. घाट. एक नावाडी.

त्याचं नाव वाचलं. ओळखीचं वाटलं नाही.

पान उलटलं. लिहितानाचं टेबल मला आठवत होतं, पाठदुखी आठवत होती, खिडकीखालून जाणारे दुधाचे टँकर आठवत होते. काय लिहिलं ते आठवेना. एक वाक्यही.

नावाडी विचारत होता: काठावर थांबणार, की होडीत बसणार?

मी बराच वेळ विचार केला. नावाडी भला दिसत होता, म्हणून होडीत बसले. पुढच्याच परिच्छेदात बुडून मेले.

गोष्ट चांगली आहे. रोज दुपारी वाचते. पलीकडच्या काठाला अजून एकदाही पोचले नाही.