नऊ नंबरचं दार

आमच्या खाणीला दोन पंखे आहेत, थोरला आणि धाकटा. ही नावं बाबांनी ठेवलेली. थोरला वर्षानुवर्षं न कुरकुरता फिरतो. धाकट्याला सुरू करायचं म्हणजे घरातल्या रुसलेल्या मुलाला जेवायला बसवण्यासारखं. बाबांनी या दोघांना एकोणतीस वर्षं सांभाळलं. ते निवृत्त झाले आणि परीक्षा देऊन मी त्याच खुर्चीवर आले. "यांचं लग्न पंख्याशी झालंय, मी आपली पाहुणी," असं आई म्हणायची. सध्या ती दादाकडे असते, नातवाला सांभाळायला. घरात बाबा आणि मी, दोघंच.

पंखा म्हटलं की लोकांना छताला लटकणारा आठवतो. आमचा तसा नाही. शंखासारखं वळलेलं पोलादी घर आणि त्याच्या पोटात दीड पुरुष उंचीचं चक्र. चक्र मधून हवा ओढतं आणि कडेने धुराड्यात फेकतं. खाणीत वापरलेली हवा एका खोल विहिरीतून वर येते, विहिरीच्या तोंडापासून काँक्रीटच्या बोगद्याने पंख्यापर्यंत पोचते आणि आकाशात जाते. पंखा थांबला तर खालच्या माणसांना श्वास पुरत नाही. म्हणून माणसं खाली असताना तो थांबवायचा नाही, मग काहीही होवो.

माझं काम तसं सरळ आहे. दर तासाला बेअरिंगचं तापमान लिहायचं, घरावर तळवा टेकवून थरथर बघायची, पट्टे ढिले नाहीत ना पाहायचं, ग्रीस मोजूनच भरायचं. जास्त ग्रीस हेही विषच. आणि पाण्याकडे लक्ष ठेवायचं.

पाणी म्हणजे भिंतीवरची वाकवलेली काचेची नळी. तिचं एक तोंड खोलीत उघडं आणि दुसरं बोगद्यात. पंखा ओढतो म्हणून एका बाजूचं पाणी दुसरीपेक्षा चौऱ्याऐंशी मिलिमीटर वर चढतं. खाली खाणीत ताज्या आणि वापरलेल्या हवेच्या वाटांमध्ये नऊ दारं आहेत. त्यातलं एखादं उघडलं की हवा आडवाटेने पळते आणि पाणी जरा बसतं. विहिरीजवळचं एक नंबरचं दार उघडलं तर नऊ मिलिमीटर, सगळ्यांत लांबचं नऊ नंबर उघडलं तर जेमतेम एक. बाबांनी मला हे अक्षर ओळखण्याआधी शिकवलं म्हटलं तरी चालेल. कोणतं दार, किती वेळ, किती माणसं, सगळं पाणी सांगतं. दार जड आहे. ते धरून एकजण पार व्हायला चार सेकंद लागतात.

नऊ नंबरच्या पलीकडे फक्त जुनं काम आहे, कोळसा काढून झाल्यावर भिंत घालून बंद केलेलं.

मी एकटीने सांभाळलेली पहिली सुट्टी होती. आठवड्याच्या सुट्टीला खाणीत कोणी नसतं. सकाळी सातला पंखे बदलायचे, थोरल्याला संध्याकाळपर्यंत विश्रांती द्यायची, त्याच्या पात्यांवरची धूळ खरवडायची. ते सगळं उरकून मी हात धूत होते. अकरा चाळीसला पाणी एक मिलिमीटर बसलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि परत चढलं. तीन मिनिटांनी दोन मिलिमीटर. मग काही नाही.

मी दिवाखोलीत फोन केला. खाली जाणारा प्रत्येकजण तिथून डोक्यावरचा दिवा नेतो.

"खाली कोण आहे?"

"कोणी नाही. सगळे दिवे माझ्यासमोर आहेत," दिवेवाला म्हणाला. "का? एकटीला करमत नाही का?"

मी नळीतलं पाणी बदललं, बुडबुडे काढले, जोड घट्ट केले. नळीत दोष असता तर तो एवढ्यावर जायला हवा होता.

पुढच्या सुट्टीला पुन्हा अकरा चाळीस. नऊ, आठ, सात, सहा, पाच. प्रत्येक दार चोवीस सेकंद, म्हणजे सहा माणसं. मग दहा मिनिटं शांतता आणि त्याच क्रमाने उलट, पाच ते नऊ.

मी ओव्हरमनला सांगितलं. खालच्या सगळ्या व्यवस्थेची जबाबदारी त्यांची. खिशात कायम पट्टी असते म्हणून लोक त्यांना फूटपट्टी म्हणतात. माणूस मोजल्याशिवाय काही मानत नाही.

"पट्टा घसरत असेल. वेग कमी झाला की पाणी बसणारच."

"वेग मोजला मी. एका फेऱ्याचा फरक नाही."

त्यांनी पट्टी काढून उगाच टेबल मोजलं. मग म्हणाले, "ठीक आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटच्या पाळीमागून मी स्वतः दारांना दोरा बांधतो. कोण मस्करी करतंय ते कळेल."

त्या सुट्टीला नऊपासून एकपर्यंत एकेक दार उघडून मिटलं आणि मग उलट, एकपासून नऊपर्यंत. कामाच्या पहिल्या दिवशी फूटपट्टी खाली जाऊन आले आणि माझ्या खोलीत येऊन बसले. चेहरा काळवंडलेला, पण तो तर खाणीत सगळ्यांचाच असतो.

"दोरे तुटलेले?" मी विचारलं.

"एकही नाही. नऊच्या नऊ शाबूत." बराच वेळ ते पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "मी ताज्या हवेच्या बाजूने बांधले होते. आता ते पलीकडच्या बाजूने आहेत. गाठ माझीच आहे. मी डावरा, माझी गाठ उलटी पडते. तशीच आहे."

उठताना ते म्हणाले, "हे वहीत लिहू नका."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. पंख्याशेजारी राहून त्यांचे कान गेलेत. समोर बसून, ओठ नीट हलवून बोलावं लागतं. ते भाजी निवडत होते. माझं सगळं ऐकून झालं तरी हात थांबले नाहीत.

"किती सेकंद?" एवढंच विचारलं.

"चोवीस."

आता मात्र हात थांबले. "माझ्या वेळी आठ होते," ते म्हणाले.

"बाबा, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? म्हणून तुम्ही कधी सुट्टीची पाळी सोडली नाहीत? दादाच्या साखरपुड्यालासुद्धा आला नाहीत."

"कोणाला सांगणार? म्हणाले असते, म्हाताऱ्याला हवा लागली." ते स्वतःच्या विनोदावर हसले नाहीत. "मला विचारू नकोस ते काय आहे. मला ठाऊक नाही. चार नंबरच्या अलीकडे कधी आले नाहीत. येतात, थांबतात, जातात. पंखे बदलायचे ते सातला बदल. ते चालत असताना पंखा बंद पडू द्यायचा नाही."

"का?"

"बोगद्याचं दार कशाने बंद राहतं?"

हे मला कोणी विचारायची गरज नव्हती. बोगद्यात तपासणीसाठी उतरायला पंखाघरापासून वीस पावलांवर दोन लोखंडी दारं आहेत, एकामागे एक. पंखा चालू असताना ओढ इतकी असते की दोन माणसं लटकली तरी ती उघडत नाहीत. पंखा थांबला की एका बोटाने उघडतात. आणि विहिरीत खालपासून वरपर्यंत शिडी आहे.

दोनच दिवसांनी खाणीच्या साहेबांचं पत्र आलं. वायरमन अकरानंतर येतो, तेव्हा पंखेबदल यापुढे दुपारी बाराला, त्याच्या देखत करावा. मी साहेबांकडे गेले. सातचीच वेळ बरी, असं मी म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. माझ्याकडे सांगण्याजोगं कारण नव्हतं.

त्या सुट्टीला वायरमन आला, हातमोजे घातले आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. बाराला पाच कमी असताना पाणी चार नंबरवर होतं. मग तीन. मग दोन.

"बाई, चला ना. जेवायचंय मला."

"पाच मिनिटं थांबा. पाणी हलतंय."

"खाण रिकामी आहे. पाणी हललं तर हलू द्या."

मी थांबले. एक नंबर उघडलं, चोवीस सेकंदांनी मिटलं. परत फिरायची खूण म्हणून एक नंबर पुन्हा उघडायची वाट पाहिली. पंधरा मिनिटं गेली, पाणी चौऱ्याऐंशीवर स्थिर. मला वाटलं, आज तिथूनच संपलं. इतरांना दोष देण्यात अर्थ नाही. बटण मीच दाबलं.

थोरल्याला पूर्ण थांबायला सहा मिनिटं लागतात. आवाज उतरत उतरत जातो आणि मग कानांना शांतता टोचते. त्याची झडप लावली. धाकट्याची झडप बंद ठेवूनच त्याला सुरू करायचं असतं, नाहीतर मोटर धापा टाकते. वायरमनने बटण दाबलं. धाकटा हुंकारला आणि बंद पडला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

वायरमन पॅनेल उघडून बसला. मी नळीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंचं पाणी एका रेषेत आलं होतं. आता ते मला काहीच सांगू शकत नव्हतं.

मग बाहेरून बिजागरीचा आवाज आला. आतलं दार.

मी खिडकीशी गेले. टळटळीत ऊन होतं. बाहेरचं लोखंडी दार सावकाश उघडत गेलं, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत. आत अंधार. दारात कोणी नव्हतं. विहिरीची गार, ओलसर हवा खिडकीपर्यंत आली.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सवयीने.

चोविसाव्या सेकंदाला दार मिटलं.

"सापडलं," वायरमन मागून म्हणाला. "तार ढिली होती."

धाकटा सुरू झाला. पाणी चौऱ्याऐंशीवर चढलं आणि संध्याकाळपर्यंत रेषभरही हललं नाही.

आठवडाभर काही झालं नाही. खरंच नाही. पाळ्या चालल्या, कोळसा निघाला. फक्त पंखाघराच्या भिंतीला लागून, उन्हात, एक लांब बाक आहे. त्यावर कोणी बसत नाही, कारण तिथे आवाजाने डोकं उठतं. रोज सकाळी त्या बाकावर कोळशाची धूळ असायची. मी ओल्या फडक्याने पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढच्या सुट्टीला बाबा माझ्याबरोबर आले. विचारलं नाही, चपला घातल्या आणि निघाले. खोलीत आल्यावर त्यांनी आधी थोरल्याच्या घरावर तळवा ठेवला, मग खुर्ची खिडकीशी ओढली.

अकरा चाळीसला पाणी हललं नाही. मी वहीत चौऱ्याऐंशी लिहिलं.

बाबांनी माझ्या दंडाला हात लावला आणि बाहेर बोट दाखवलं.

लोखंडी दाराची मूठ खाली गेली. वर आली. खाली गेली. वर आली. झटका नाही, घाई नाही. कुलूप लागलंय हे ठाऊक असलेला माणूस पुन्हा एकदा बघतो, तशी.

"बाहेरून," मी म्हणाले.

बाबांनी ओठ वाचले. "जायचंय त्यांना. पंखा बंद कर."

"वायरमन यायचाय अजून."

"मी आहे ना. कर."

मी दिवाखोलीत फोन करून खाली कोणी नसल्याची खात्री केली. मग पंखा बंद केला. आवाज उतरत गेला. सहा मिनिटं मूठ तशीच हलत राहिली. चक्र थांबलं तेव्हा दार उघडलं.

मी घड्याळाकडे पाहत होते, बाबा दाराकडे. एकदाही त्यांची पापणी लवली नाही. दार मिटलं. मग आतलं दार वाजलं आणि बंद झालं. आम्ही आणखी पंधरा मिनिटं थांबलो, शिडी उतरायला लागतात तेवढी. मग धाकट्याला सुरू केलं. आज तो पहिल्या फटक्यात सुरू झाला.

पाणी चढलं आणि लगेच नऊ मिलिमीटर बसलं. एक नंबर. मग दोन. मग तीन. मी वहीत प्रत्येकाची वेळ लिहीत होते. साडेबाराला नऊ नंबर उघडलं आणि मिटलं.

"गेले," मी म्हणाले. मी वही घेऊन जमिनीवरच बसले.

"किती?" बाबांनी विचारलं.

मी वही बघितली. लोखंडी दार वीस सेकंद. एक नंबर वीस. दोन नंबर वीस. नऊच्या नऊ दारं, वीस. मी वही त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी आकडे वाचले. वही मिटून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी पाळी बदलल्यावर आम्ही चालत घरी निघालो. दोन वळणांवर बाबा थांबले, थोडा वेळ उभे राहिले आणि पुन्हा चालू लागले. त्यांना दम लागला असेल असं मला वाटलं.

घरी मी कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला. बाबा माझ्या मागून आत आले. वळून त्यांनी दार धरलं, पण लावलं नाही. बाजूला सरकून, पाठ भिंतीला लावून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

चारपर्यंत मोजून त्यांनी दार लावलं.