कोरणीपुढचा हात

सकाळी नऊलाच कोल्हापुरातल्या एका शाळेच्या पटांगणात लिनोचे बावीस तुकडे उन्हात मांडून ठेवले होते. लिनो म्हणजे जवसाच्या तेलापासून केलेला, फरशीवर अंथरायचा जाड, रबरासारखा तक्ता. ऊन लागलं की तो मऊ पडतो आणि कोरणी त्यातून सुखानं चालते. मग त्यावर रोलरनं शाई फिरवायची, कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीनं घासायचा, की झालं मुद्राचित्र. कुमुदिनी शिर्के तीस उन्हाळे सुट्टीतल्या शिबिरात मुलांना हेच शिकवत आल्या होत्या, आणि तीस वर्षांत त्यांचा पहिला धडा काही बदलला नव्हता.

"कोरणीच्या पुढं हात न्हाई. डावा हात कायम मागं. काय?"

"व्हय बाई," पोरांनी एका सुरात सांगितलं, आणि पाचव्या मिनिटाला बावीसच्या बावीस डावे हात खुशाल पात्यापुढे लिनो दाबून बसले.

त्यांचा तरी काय दोष? प्रत्येकाच्या उजव्या मनगटावर आवरपट्टी होती. बालवाडीत गेल्या दिवसापासून ती त्यांच्या मनगटावरून उतरली नव्हती. हात घसरणार हे त्या पट्टीला हाताच्या आधी कळायचं. ती मज्जातंतूंतून जाणारे संदेश वाचायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत स्नायूंना हलका झटका देऊन हात जागच्या जागी धरून ठेवायची. या पोरांनी बोट कापलेलं कधी पाहिलंच नव्हतं. कापून आलेलं रक्त म्हणजे पुस्तकातली आकृती. पट्टी न घालणाऱ्या कुमुदिनीबाईंच्या डाव्या तर्जनीवरचा जुना वण बघून एकानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बाई, हे गोंदलंय काय?"

बाईंना मात्र चैन पडत नव्हतं. दोरीवर वाळत घातलेल्या छापांकडे त्या पुन्हा पुन्हा जात होत्या. विषय होता घरचं जनावर. मांजरं, कुत्री, कोंबड्या, सगळं होतं. पण रेषा सगळ्या एकाच हातातून उतराव्यात तशा. प्रत्येक वळण गोल, प्रत्येक टोक सावकाश निमुळतं. तीस वर्षं त्या नाव न वाचता कुणाचा छाप कुठला ते ओळखत होत्या. यंदा एकही ओळखता येईना, आणि त्याचा त्यांना सरळसरळ राग आला होता.

दुसरा राग मृदा पोवारला आला होता. अकरा वर्षांची ही मुलगी गंगावेशीतल्या गवळ्याची, आणि तिनं कोरली होती त्यांची म्हैस. आपलाच छाप तिनं चुरगाळून टाकला.

"का गं?"

"ही चंद्री न्हाई बाई. चंद्रीचं डावं शिंग मधीच खटकन मुरडलंय. मी तिथं कोरणी वळवायला गेलो की हात थांबतोय. चार डाव केलं."

बाईंना सगळा उलगडा झाला. खटकन वळणारी रेष आणि घसरणारा हात यांतला फरक पट्टीला कळत नव्हता. म्हणून तिनं सगळ्यांची सगळी वळणं गुळगुळीत करून टाकली होती.

पट्टी काढायची परवानगी नव्हती. काढली की शिबिराचे संयोजक सबनीस सरांना आणि पालकांना लगेच संदेश जायचा. बाईंनी वर्गाच्या दाराकडे बघितलं, आणि स्वतःच्या हातांनी मृदाच्या मनगटाचं बक्कल सोडलं.

"फक्त शिंग. सावकाश. आणि हात मागं घे."

मृदानं हात मागे घेतला. कोरणी शिंगाच्या मुळाशी टेकली, वर चढली. वळणाशी कोरणी लिनोत अडली. तिनं जोर लावला, आणि जोर लावताना सवयीनं डावा हात पुढे आला. अडवायला कुणी नव्हतं. बाईंनी काही विचार न करता आपला हात मध्ये घातला.

पातं त्यांच्या बोटात रुतलं. जुन्या वणाला लागूनच. लाल थेंब लिनोवर पडले. बावीस पोरं पहिल्यांदाच कापलेलं बोट बघत होती.

"दुखतंय?" मृदानं विचारलं.

"मग काय, दुखणारच. पण तुझं शिंग बघ."

बोटाला रुमाल बांधून बाईंनी छाप काढायला लावला. शिंग खटकन मुरडलं होतं, आणि पुढे घसरलेली एक पांढरी रेष म्हशीच्या कपाळावरून आरपार गेली होती. मृदा रडत होती, पण तिचं बोट कागदावर होतं. "ही चंद्री हाय," ती म्हणाली.

सबनीस सर धावत आले. ते ओरडले नाहीत, याचंच बाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शिबीर भरलं. ऊन लागलेले लिनो टेबलांवर आले, मुलांनी कोरण्यांकडे हात नेले, आणि बावीस हात कोरणीच्या चार बोटं वर थांबले. एकही खाली जाईना. काही पोरं हसली, मग हसायची थांबली.

"काल एकवीस पट्ट्यांनी भीती नोंदवली," सबनीस सर हळूच म्हणाले. "त्या एकमेकींकडून शिकतात, बाई. आता यांना पात्याला हातच लावू देणार नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावातल्या पट्ट्या हे शिकलेल्या असतील."

"सगळ्या गावातल्या?" बाईंनी विचारलं. गावातले पट्टीवाले सुतार, शिंपी, भाजी चिरायला शिकणारी पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. एका शिंगापायी आपण हे काय करून बसलो?

मृदा उठून बाईंच्या टेबलाशी आली. आज तिला चंद्रीचं रेडकू कोरायचं होतं. कुणाला न विचारता तिनं पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. सबनीस सरांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी तो काढला नाही.

तिनं डावा हात लिनोच्या मागच्या कडेला नेला. अगदी बरोबर, शिकवल्यासारखा. मग उजवा हात कोरणीकडे नेला. चार बोटं वर तो थांबला.

पट्टी टेबलावर पडलेली होती. हात तसाच हवेत.

मृदानं मान वर केली. "बाई, पट्टी तर काढलीया. मग आता मला कोण थांबवतंय?"

कुमुदिनीबाईंनी चिंधी बांधलेलं आपलं बोट बघितलं. आदल्या दिवसापासून त्यांनीही कोरणी उचललेली नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली, मृदाशेजारी बसल्या, आणि आपला हात तिच्या हाताशेजारी तसाच हवेत धरला.

"मला पण तेच बघायचंय," त्या म्हणाल्या. "बघू, आधी कुणाचा हात खाली जातोय?"