हात खाली

ही गोष्ट रंगवून सांगायला माझ्याकडे वेळच नाही. अंतरा झोपली आहे. ती उठेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते.

यातली चारही माणसं ठाण्यात आणि डोंबिवलीत राहतात. कुणालाही विचारा, हेच सांगतील. फक्त आधी तुम्हाला विचारतील, "तुला कुणी पाठवलं?"

कारण आता आमचा एकमेकांवर विश्वास उरलेला नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे. मागच्या डिसेंबरातला रविवार. टिटवाळा. लख्ख ऊन.

पण त्याआधी खेळ सांगायला हवा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी शौनकने तो सुरू केला. शौनक ठाण्यातल्या नौपाड्याचा, आमच्यातला सगळ्यात डोकेबाज. नाटकासारखा खेळ, पण संवाद लिहिलेले नाहीत आणि प्रेक्षकही नाहीत. सकाळी एक पात्र अंगावर चढवायचं आणि संध्याकाळपर्यंत तेच होऊन राहायचं. 'सातगाव' नावाचं राज्य आम्ही मनानेच वसवलेलं. क्षिप्रा तिथली सरदार. रवींद्र लाचखाऊ जकातदार. मी वैद्य. तलवारी पाइपच्या, वरून एसीच्या नळीला गुंडाळतात तो फोम. शौनकच्या बाबांनी टिटवाळ्याला एक रो-हाउस घेऊन ठेवलेलं, मागे मोकळा प्लॉट. आजूबाजूला तेव्हा कुणी राहत नव्हतं. महिन्यातला एक रविवार तिथे जायचो, आणि मागच्या वेळी गोष्ट जिथे थांबलेली तिथून पुढे खेळायचो. वर्षानुवर्षं. कधी कुणीतरी आपला एखादा भाऊ, मित्रही खेळायला घेऊन यायचं.

नियम एकच कडक होता.

मध्येच कुणाला बाथरूमला जायचं असेल, आईचा फोन घ्यायचा असेल, तर डोक्यावर हात ठेवायचा. डोक्यावर हात म्हणजे 'मी इथे नाही'. मग त्याच्याकडे बघायचं नाही. बोलायचं नाही. तो नाहीच.

"माझी मार्कशीट बघून बाबा पण डोक्याला हात लावतात," रवींद्र म्हणायचा. "फरक एवढाच, तेव्हा मी नसतो."

संध्याकाळी शौनक ओरडायचा, "हात खाली!" मग सगळे परत आपापल्या नावाचे. खेळ संपला.

शेवटच्या रविवारी तो ओरडलाच नाही. लॉकडाऊन लागणार म्हणून सगळ्यांना घरून फोनावर फोन, आणि आम्ही भर दुपारी पिशव्या उचलून पळालो.

नंतर माझं लग्न झालं, ठाण्याला बाळकुममध्ये राहायला आले, अंतरा झाली. आणि मागच्या नोव्हेंबरात शौनकचा ग्रुपवर मेसेज आला.

"बाबा टिटवाळ्याचं घर विकतायत. त्याआधी सातगाव परत सुरू करूया?"

खरं सांगते, मला रडू आलं. अंतराची आई होता होता मी कधी काळी वैद्यही होते, हे मीच विसरून गेलेले.

ठरवायचं म्हणून आम्ही चौघं तिथेच भेटलो. माझा नवरा प्रफुल्ल त्या रविवारी ड्युटीवर होता, म्हणून अंतरालाही घेतलं. नुकतीच तिसरं संपवून चौथ्यात गेलेली. पायात ते पीं-पीं वाजणारे बूट.

घर तसंच होतं. बाहेरून गच्चीवर जाणारा जिना तसाच. आम्ही ओट्यावर बसलो, क्षिप्राने बटाटेवडे काढले. अंतरा प्लॉटभर हिंडत होती. पीं... पीं... पीं...

"पण सगळे जमतील का?" क्षिप्रा म्हणाली. "रवी, तुझा तो भाऊ येईल?"

"कुठला भाऊ?"

"अरे तोच. निळा फुल शर्ट. जिन्याच्या पायरीवर बसलेला असायचा, डोक्यावर हात ठेवून."

रवींद्र हसला. "तो माझा भाऊ? तो तर स्वप्नाच्या ऑफिसातला ना?"

स्वप्ना म्हणजे मी. मी वडा खाली ठेवला.

"मला तर वाटलं, शौनकच्या ओळखीचा कुणी असेल."

आम्ही तिघांनी शौनककडे बघितलं.

शौनक हळूच म्हणाला, "मी समजायचो, तुमच्यापैकीच कुणीतरी आणलाय. लाजतोय, म्हणून खेळत नाही..."

"नाव काय त्याचं?"

कुणालाच माहीत नव्हतं.

चेहरासुद्धा कुणाला आठवेना. डोक्यावर हात म्हटल्यावर बघायचंच नसतं ना! मी एकदा त्याच्या पायाजवळून पाण्याची बाटली उचललेली. सॉरीसुद्धा म्हटलं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

"शौनक, नाटकं बस कर," क्षिप्रा चिडली. "सातगावातलं नवीन काहीतरी रचलंयस तू. आम्हाला परत ओढायला."

"आईशप्पथ नाही गं! क्षिप्रा, विषय तू काढलास. मीच तुझ्यावर संशय घ्यायला हवा."

"हा रवीचा चावटपणा असणार."

"माझा? मी एवढा हुशार असतो तर जकातदार कशाला झालो असतो?"

मी एकेकाचा चेहरा बघत होते. यातलं कोण खोटं बोलतंय? कुणीतरी खोटं बोलत असू दे, अशी आशा होती.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

बूट वाजत नव्हते.

"अंतरा?"

प्लॉटवर ती नव्हती. घरात नव्हती. रवींद्र रस्त्यापर्यंत धावला, क्षिप्राने पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. ते झाकण उघडेपर्यंतचा वेळ माझ्या कुठल्याही दुश्मनाच्या वाट्याला येऊ नये. मी हाका मारत घराला चकरा घालत होते. दर चकरेला त्या जिन्यासमोरून जात होते. रवींद्र तर दम खायला जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

मग...

पीं.

अगदी जवळून.

अंतरा जिन्याच्या पायरीवर बसलेली. आमच्या डोळ्यांसमोर. डोक्यावर हात ठेवून.

बूट सरकला म्हणून वाजला. नाहीतर... मला पुढचा विचार करवत नाही. पोटच्या पोरीसमोरून मी तिला शोधत फिरत होते, आणि मला ती दिसली नव्हती.

मी तिचा हात ओढून खाली घेतला आणि तिला कडेवर उचललं.

"बाळा, ओ का दिली नाहीस?"

"मी नव्हते ना, आई."

"कुणी शिकवलं तुला हे?"

तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "काकाने. काकाचा हात दुखतो. हात खाली कर असं कुणी सांगतच नाही त्याला."

त्या दिवशी 'हात खाली' हे दोन शब्द आमच्यापैकी कुणीही उच्चारले नव्हते. नक्की.

शौनक पुटपुटला, "शेवटच्या रविवारी मी ओरडलो नव्हतो..." तो जिन्याकडे वळला, मोठा श्वास घेतला. "हात—"

रवींद्रने झडप घालून त्याचं तोंड दाबलं.

"वेडा आहेस का? डोक्यावर हात म्हणजे तो इथे नाही. तू खाली करायला सांगितलंस की..." तो थांबला. "मग तो आहे."

आम्ही कुलूपसुद्धा न लावता निघालो.

रात्री प्रफुल्लला सगळं सांगितलं. "घाबरलेलात तुम्ही. घाबरल्यावर हातातला चष्मा पण दिसत नाही माणसाला," तो म्हणाला. असेलही. पण त्याने ते झाकण उघडताना बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शौनकने ग्रुपवर पुन्हा विचारलं. सुरू करायचं का? त्याचं म्हणणं, खेळ अर्धवट राहिला म्हणून हे होतंय. एकदा नीट खेळून नीट संपवू. रवींद्र म्हणाला, घर विकलं की विषय संपेल. क्षिप्रा म्हणाली, स्वप्ना सांगेल ते.

मी लिहिलं, "नाही. कधीच नाही."

पण अंतराची सवय जाईना. जेवताना, टीव्ही बघताना, झोपेतसुद्धा हात डोक्यावर. आणि दर वेळी एक क्षण... एकच क्षण... माझी नजर तिच्यावरून घसरायची. मी अलगद तिचा हात काढायचे. पापा घ्यायचे. "हात खाली, बाळा."

एकदा तिने विचारलं, "काकाला पण म्हणशील?"

मी तिला पुढचा घास भरवला.

गेल्या गुरुवारची गोष्ट. दुपारी तिला झोपवता झोपवता मलाही डुलकी लागली. खोलीत पडदे ओढलेले. अर्धवट झोपेत शेजारी चाचपलं. उशीवर केस लागले. केसांवर हात.

परत ठेवलाच का हिने?

डोळे न उघडताच मी तो हात हळूच खाली घेतला. गार होता. जड होता, पण झोपेत मुलांचे हात जड होतातच.

"हात खाली, बाळा," मी म्हटलं.

कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. खूप दिवसांचं ओझं उतरावं तसा.

आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

पीं... पीं... पीं...

अंतरा बूट घालून खेळत होती.

माझ्या शेजारी कुणी नव्हतं. उशीला मात्र खळगा पडलेला. त्या हाताची बोटं माझ्या बोटांहून लांब होती, हे मला तेव्हा आठवलं.

त्या दिवसापासून अंतरा डोक्यावर हात ठेवत नाही. विचारलं तर शहाण्यासारखं सांगते, "आता नाही दुखत काकाला."

आणि त्या दिवसापासून घरात एक आवाज येतो. कधी पॅसेजमध्ये, कधी मोरीपाशी. फट... फट... फुल शर्टाची बाही झटकल्यासारखा. मुंग्या आलेला हात माणूस झटकतो ना, तसा. प्रफुल्ल म्हणतो, वाळत घातलेले कपडे असतील. मी दोरीवरचे कपडे काढून ठेवले. आवाज थांबला नाही.

मी खूप विचार केला. 'मी इथे नाही' असं फक्त खेळातच म्हणता येतं. खेळच नसेल, तर डोक्यावरच्या हाताला काही अर्थ नाही. तो पुन्हा 'नाही' व्हायचा, तर खेळ सुरू हवा.

म्हणून आज सकाळी ग्रुपवर लिहिलं, "सुरू करूया. लवकर. घर विकायच्या आत."

क्षिप्राने लगेच विचारलं, "काय गं, मत कसं बदललं? शौनकने पढवलं की काय?" गुरुवारचं तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिचाही माझ्यावर संशय आहेच. असू दे.

माझी शंका वेगळी आहे.

इतकी वर्षं अवघडलेला हात एकदाचा खाली आलाय. नुसता खेळ सुरू झाला म्हणून तो पुन्हा वर कोण करील?

त्याच्या जागी मी केला असता?

अंतरा चुळबुळतेय. थांबते इथेच. तिचे दोन्ही हात पांघरुणाबाहेर आहेत... लिहिताना दर ओळीला तेवढं बघत होते मी.