दोन वाजताची टिक

"ताई, पडदा ओढलेला असला ना, की बाहेरून ऐकून निघून जाऊ नका. आत डोकावून बघायचं, कोण आहे ते."

हे मला वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशींनी सांगितलं होतं. सकाळी साडेअकराला. मी "बरं" म्हटलं आणि पर्स काखेत घट्ट धरली.

मला वाटलं, मोबाईल चोरणाऱ्यांबद्दल बोलतायत.

पुढे लिहितेय ते घडलेलं आहे. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत, माझ्यासमोर. कोणी म्हणेल, बाईचं अंगावर पिणारं बाळ आहे, झोप होत नाही, भास झाला असेल. झोप झाली नव्हती हे खरं. पण ऐकणारी मी एकटी नव्हते.

आणि रात्रही नव्हती. चार महिन्यांपूर्वीचा मंगळवार. दुपारी दोन ते तीन. बाहेर लख्ख ऊन. हाडांच्या इमर्जन्सी वॉर्डातली चार खाटांची खोली, तिसरा मजला, खिडकीजवळची तीन नंबरची खाट.

माझा नवरा एसी बसवतो. उंच आहे म्हणून कामावरचे सगळे त्याला 'शिडी' म्हणतात. त्या सकाळी तो शिडीवरूनच पडला, पहिल्या मजल्याच्या उंचीवरून, पाठीवर. स्ट्रेचरवर असताना मला म्हणाला, "बघ, शिडीवरून शिडी पडली." आणि हसायला गेला, तर कळ आली.

डॉक्टरांनी फोटो बघून मला बाजूला घेतलं.

"कमरेचा मणका मोडलाय. आतली नस अजून शाबूत आहे. ऑपरेशन उद्या सकाळी. तोवर हा असाच सरळ पडून राहणार, मान पण हलवायची नाही. आणि दर तासाला पाय तपासायचे. स्पर्श कळतोय तोवर आपल्याकडे वेळ आहे."

"आणि नाही कळला तर?"

"तर मिनिटभर थांबायचं नाही. थेट थिएटर. उशीर झाला तर पाय जातील."

त्याच्या मानेला कडक पट्टा बांधला. त्याला फक्त छत दिसत होतं. कोणी भेटायला आलं की त्याच्या तोंडावर वाकावं लागायचं, तेव्हा कुठे त्याला कळायचं कोण आलंय. पायाशी कोण उभं आहे हे त्याला दिसायचंच नाही.

दर तासाला सिस्टर यायची. चादर घोट्यापर्यंत दुमडायची, एकेक बोट चिमटीत धरायची. "कळतंय?" "हो." "हे?" "हो." मग खाटेला लटकवलेल्या कागदावर टिक.

बाराला टिक. एकला टिक.

आठ महिन्यांचं पिल्लू खाली, बाह्यरुग्ण विभागाच्या बाकड्यावर नणंदेकडे होतं. वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत. दोनला दहा मिनिटं कमी असताना मी पाण्याची बाटली भरायला गेले.

जाताना पडदा उघडा होता. हे मला पक्कं आठवतंय.

परत आले तर... पडदा ओढलेला.

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, पिल्लू बाटली तोंडात घेत नाहीये. रडून निळी पडेल. ये ना लवकर."

मी पडद्याबाहेर उभी. आतून आवाज आला. बाईचा. हळू, अगदी सावकाश.

"कळतंय?"

"हो."

"हे...?"

"हो."

मी सुटकेचा श्वास टाकला. सिस्टर आलीय, तपासतेय, त्याला कळतंय. शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेले आजोबा होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या वाटणीला बरी गोड बोलणारी सिस्टर आली हो. आमच्यावर तर खेकसतात."

मी हसले आणि निघाले.

काउंटरवर दोन सिस्टर. नुकतेच अपघातातले दोघं आले होते, एकाची मांडी मोडलेली, त्यामुळे धावपळ. त्यातली लहान सिस्टर मला म्हणाली, "तीन नंबर ना? दोनचे पाय बघायचे राहिलेत, येतेच."

मी चालता चालता म्हटलं, "बघितले आत्ताच. सगळं हो म्हणाला."

तिला वाटलं मोठीने बघितले. मोठीला वाटलं हिने. लहानीने खाटेचा कागद काउंटरवर मागवून घेतला आणि तिथेच टिक केली.

ती टिक माझी होती.

खाली जाऊन मी पिल्लूला पाजलं. ती पिता पिता झोपली, तरी मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. त्या पाच मिनिटांचा हिशोब मी अजून लावतेय.

तीनला वर आले. काउंटरवरून जाताना सवयीने बघितलं. दोन्ही सिस्टर तिथेच. एक फोनवर, एक सुया मोजत. त्या पाळीला वॉर्डात दोनच सिस्टर होत्या.

खोलीत शिरले.

पडदा ओढलेला.

"कळतंय...?"

"हो."

माझे पाय जागीच थांबले. हॉस्पिटलचा पडदा जमिनीपासून हातभर वर असतो. खाली खाटेची चाकं दिसत होती. ऊन दिसत होतं.

पाय कुणाचेच नव्हते.

"आणि हे...?"

"हो."

आजोबा डोळे मिटून पडले होते. पण झोपले नव्हते. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती.

मी पडदा सरकवला.

आत कोणी नव्हतं. नवरा छताकडे बघत होता, चेहरा शांत. चादर घोट्यापर्यंत दुमडलेली, एकसारखी, व्यवस्थित. आणि त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर... एक पांढरा ठसा. जोरात दाबून सोडल्यावर उमटतो तसा. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू परत गुलाबी झाला.

"थांबलात का?" तो म्हणाला. "टाच राहिली."

मी त्याच्या तोंडावर वाकले. "मी आहे."

"तू कधी आलीस? सिस्टर गेली?"

मी पायथ्याशी गेले. त्याच अंगठ्याला चिमटा काढला. नखं रुतवून.

तो छताकडे बघत राहिला.

"कळतंय का?" मी विचारलं.

"काय?"

"चिमटा काढतेय मी."

"कधी काढणार आहेस?"

त्यानंतर मी कशी धावले मला आठवत नाही. मोठी सिस्टर आली, मग डॉक्टर. डॉक्टरांनी सुई काढली. अंगठा. "नाही." घोटा. "नाही." गुडघा. "नाही." दुसरा पाय. "नाही." डॉक्टर सरळ उभे राहिले, सुई ट्रेमध्ये टाकली, मागे वळून म्हणाले, "थिएटरला कळवा, आत्ता."

कोणाचाच हात त्याच्या अंगाला लागलेला नव्हता.

आणि नवरा म्हणाला, "हो."

सगळे थबकले.

"हो... टाच पण कळली."

"दुखण्याच्या इंजेक्शनने असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. पण बोलताना ते खाटेच्या पायथ्यापासून एक पाऊल मागे सरकले. ते मी बघितलं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला. "दोनला सगळं नीट होतं म्हणताय? इतकी सूज तासाभरात येत नाही. नसेवर दाब आधीच यायला लागला असणार. दोनलाच कळलं असतं तर..."

लहान सिस्टर मान खाली घालून उभी होती. मी कागदाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशींना गाठलं. विचारलं, तुम्ही मला कशाबद्दल सांगत होता?

त्या फडकं पिळत राहिल्या. "मी फरशी पुसणारी बाई, ताई. मला काय कळतंय? त्या खाटेच्या पायथ्याशी मी दिवसातून दोनदा पुसते. आणि दोन्ही वेळा तिथे कोणीतरी अनवाणी उभं राहिल्याच्या खुणा असतात. पुसायच्या आणि पुढे जायचं."

आता तो घरी आहे. उजव्या पायात जीव आलाय, वॉकर धरून संडासापर्यंत जातो. मित्र येतात, "शिडीला आता चार पाय फुटले" म्हणून चिडवतात, तोही हसतो. डावं पाऊल मात्र मेलेलं आहे. रोज संध्याकाळी मी तपासते. कळतंय? नाही. हे? नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तपासलं, तेही तेच म्हणाले. त्या पावलात आता काही येणार नाही.

मागच्या बुधवारी दुपारी मी पिल्लूला थोपटत होते. बाजूच्या खोलीतून त्याचा आवाज आला.

"हो."

मी थोपटायची थांबले.

"हो... हे पण."

मी दार उघडलं. तो उताणा पडलेला, छताकडे बघत. डोळ्यांत पाणी, पण चेहरा असा खुललेला की पडल्यापासून मी तसा बघितला नव्हता. चादर घोट्यापर्यंत दुमडलेली.

"दुपारी येत नको जाऊ गं इकडे," तो म्हणाला. "तू आलीस की ती थांबते. पाय येतोय माझा. बोटं झाली, आता टाच चाललीय."

त्याला काय सांगू? डॉक्टर काय म्हणाले ते सांगू, की ती टिक कोणाच्या सांगण्यावरून झाली ते सांगू?

काल तो म्हणाला, ती आता गुडघ्यापर्यंत आलीय. उजव्या.

आज संध्याकाळी मी उजव्या गुडघ्याला चिमटा काढला. त्याला कळायला जरा वेळ लागला... मी मनात चारपर्यंत मोजले.

उद्या सकाळीच त्याला घेऊन जातेय. डॉक्टर हसले तर हसू देत.

तुमच्यापैकी कोणाचं माणूस मणका मोडून पाठीवर पडलेलं असेल, दवाखान्यात किंवा घरी, तर हे वाचून झाल्यावर उठा. त्याच्या पायाला स्वतः हात लावा, आणि तोंडावर वाकून विचारा. फोन करून विचारू नका.

फोनवर तो हो म्हणेल. ते 'हो' तुम्हालाच म्हणालाय की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?