मिसच्या नावाचं पाणी

"माझ्या नावाने पाणी ठेवू नकोस, कालिंदी. ठेवलंसच, तर शेवटचा सूर वाजवायला तुलाच यावं लागेल. कबूल?"

"कबूल, मिस," कालिंदी हसून म्हणाली होती आणि पियानो पुसायला फडकं उचललं होतं.

"हात कोरडे कर आधी," मिस रोजच्यासारख्या म्हणाल्या.

संपाला सहा महिने होत आले होते. कुशाबा, तिचा नवरा, मिलमधला विणकर, लालबागच्या खोलीत बसून होता. म्हणून कालिंदी गिरगावात आयरिस मिसकडे कामाला जायची. मिस एकट्या. रोज दुपारी त्या एकच चीज वाजवायच्या, कुणा परदेशी माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी रचलेली. डावा हात संथ, उजव्या हाताची बोटं झरझर. ते ऐकून, पाणी वाहतंय असं वाटून, कालिंदी दोनदा नळ बंद करायला उठली होती. शेवटचा सूर मात्र मिस कधीच वाजवत नसत. त्याच्या आधीच झाकण लावून टाकत.

"असं का हो?"

"तो वाजला की पाणी थांबतं," मिस म्हणाल्या. "मग आत बुडालेलं माणूस वर येतं."

आषाढात मिस गेल्या. चावी कालिंदीकडेच राहिली.

तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः घोटभर न पिणारी बाई ती. मागे कुणी नसलेला जीव तहानलेला कसा ठेवायचा? तिने लालबागच्या आपल्या खोलीतच दिवा लावला आणि शेजारी पेला भरून ठेवला. दहा दिवस, आपल्यात ठेवतात तसा.

रोज सकाळी पेला रिकामा असे. तिला बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी कुशाबाची बोटं खाटेच्या कडेवर चालू लागली. डावी संथ, उजवी झरझर.

"काय कुशाबा, तबला शिकतोस काय रे?" शेजारच्या राधाबाईंनी दारातूनच विचारलं.

"संप मिलचा, मावशी. बोटांचा नाय!"

तो हसला, पण बोटं थांबेनात. गिरगावातलं ते घर त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

सातव्या दिवशी बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या, तासन् तास पाण्यात राहिल्यासारख्या. नवव्या दिवशी तो खोकला आणि उशी भिजली. कालिंदीने बोट लावून चाखलं. खारट. डॉक्टर म्हणाले, छाती अगदी साफ आहे.

दहाव्या दुपारी त्याला श्वास पुरेना. ओठ निळे पडले. बोटं शेवटच्या सुरापर्यंत येत, अडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत.

कालिंदीने चावी कमरेला खोचली.

"राधाबाई, यांच्याजवळ बसा. गिरगावात जाऊन येते."

"आत्ता? तिथं कोण आहे गं आता?"

ती दाराकडे वळली.

"कालिंदी."

खाटेवरून कुशाबाने हाक मारली. लग्नाला चौदा वर्षं झाली, तो तिला 'अगो' म्हणायचा. नावाने कधीच नाही.

"हात कोरडे कर आधी."

तिने पदराला हात पुसले. जिन्यात पुन्हा पुसले. रस्त्यावर येऊन पुन्हा.

मग तरीही ओल्याच राहिलेल्या हातात चावी घट्ट धरून ती गिरगावच्या दिशेने चालू लागली.