घुमऱ्याचं उत्तर

तळ्याकाठच्या पहाऱ्याच्या खोलीत पहाटे स्टोव्ह पेटायचा आणि पाठोपाठ रेडिओचं तोंड सुरू व्हायचं. रेडिओ म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. हे नाव त्याला कुणी पाडलं ते आठवत नव्हतं. का पाडलं ते विचारायची गरज नव्हती.

"ताई, यंदाही घुमऱ्या बोलला नाही, तर आपण काय करायचं? बेडूक राखायचे?"

"तू जरा गप्प बसलास तर तो बिचारा बोलेल की."

घुमऱ्या हा तळ्यातल्या उंच बोरू-गवताच्या रानात लपून राहणारा पक्षी. दिसायचा क्वचितच. रिकाम्या रांजणात कुणी फुंकर घालावी तसा त्याचा आवाज तेवढा यायचा. त्या एकट्याच्या जिवावर हे तळं राखीव होतं. लागोपाठ तीन हंगाम आवाज आला नाही तर तळं बुजवायचं, असं खात्याने ठरवलं होतं. दोन हंगाम मुके गेले होते. तिसऱ्याच्या शेवटच्या दिवशी तपासनीस येऊन स्वतःच्या कानांनी ऐकणार होता.

काम साधं होतं. पूर्वेच्या मचाणावरून ताई टेपवरचा घुमऱ्याचा आवाज तीनदा लावायची आणि मग तीन मिनिटं श्वास रोखून बसायची. पश्चिमेच्या मचाणावर रेडिओ. उत्तर आलं की दोघांनी होकायंत्र पाहून आपापल्या कागदावर दिशा लिहायची. खोलीवर येऊन नकाशावर दोन रेघा ओढायच्या. जिथे त्या एकमेकींना छेदतील, तिथे पक्षी.

टेपवरचा आवाज इथल्याच शेवटच्या घुमऱ्याचा होता. सात वर्षांपूर्वी पाहुण्यांना ऐकवायची हौस म्हणून भावाबहिणीने तो रोज सकाळी त्यालाच लावला. कुणी दुसरा नर आपल्या रानात घुसलाय असं वाटून तो दरवेळी अंडी सोडून धावत यायचा. विसाव्या दिवशी घरट्यात तीन गार अंडी सापडली. पुढे काही हंगाम तो एकटाच घुमत राहिला, मग मुका झाला. अहवालात त्यांनी कावळ्यांचं नाव लिहिलं. तेव्हापासून त्या गोष्टीवर रेडिओसुद्धा बोलत नसे.

हंगाम संपायला अकरा दिवस असताना उत्तर आलं.

रेघा रानाच्या ऐन मध्यात छेदल्या. रेडिओ टेबलाभोवती नाचला. ताईने चहात दोनदा साखर घातली आणि तो तसाच प्यायली.

दुसऱ्या दिवशी छेद पश्चिमेकडे सरकला. तिसऱ्या दिवशी तो रानाबाहेर, उघड्या पाण्यावर पडला.

"तिथे तर बसायला काडी नाही," ताई म्हणाली. "दिशा नीट बघत जा."

"मी नीटच बघतो. तो माझ्याकडे येतोय, ताई."

"मग त्याला म्हणावं, आलास की सांग, चहा टाकते."

तो हसला नाही.

चौथ्या दिवशी दाट धुकं होतं. आवाज स्पष्ट आला, भरदार. ताईने होकायंत्र धरलं. काटा स्थिर झाला. दिशा थेट पश्चिमेच्या मचाणाची होती.

खोलीवर आल्यावर तिने भावाचा कागद पाहिला. कोरा होता.

"झोपलास की काय?"

"जागा होतो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"आज आलाच नाही आवाज." त्याने तिचा कागद हातात घेतला, दिशा वाचली आणि हलकेच खाली ठेवला. त्या दिवशी तो पुढे एक शब्दही बोलला नाही. जेवणावर नाही, दिवा मालवताना नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी मचाणावर त्याचं घड्याळ होतं, पेन्सिल होती. तो नव्हता.

होड्या आल्या, गळ टाकले गेले. चार दिवसांनी माणसं रिकाम्या हातांनी, मान खाली घालून परत गेली.

शेवटच्या दिवशी तपासनीस आला. भला माणूस होता. "तुमच्या भावाचं ऐकलं, ताई. आज राहू द्या हवं तर. तसाच अहवाल पाठवतो."

तसाच म्हणजे मुका. टेप लावली नाही तर तळं बुजणार होतं. त्यात काय काय बुजेल, हे तिला मनातसुद्धा उच्चारवेना. आणि लावली तर काय होतं, ते तिने गार अंड्यांना हात लावून पाहिलं होतं.

पूर्वेच्या मचाणावर त्याच्या शेजारी बसून तिने बटण दाबलं.

तीनदा आवाज गेला. मग शांतता.

पश्चिमेकडून उत्तर आलं.

"अहो, पलीकडच्या मचाणाखालीच घर केलंय की पठ्ठ्याने!" तपासनीस कुजबुजला आणि दिशा लिहून घेतली. "वाचलं तुमचं तळं. या हंगामापुरतं तरी. आता दरवर्षी असंच बोलवायचं त्याला, बरं का."

ताईने मान हलवली. दरवर्षी.

तीन मिनिटं झाली. तपासनीस मात्र वही मिटेना. तो खुशीत होता.

"आणि दुसराही आहे की! हा तर अगदी जवळून बोलला. ऐकलात ना?"

तिने काहीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्याची दिशा लिहायला त्याने होकायंत्र उचललं, मचाणावरच हळूहळू वळला आणि तिच्याकडे तोंड करून थांबला. मग खाली मान घालून आकडा लिहू लागला.