पवित्राचा ‘आ’

ही हकीकत रंगवून सांगण्यात माझा काहीच फायदा नाही. उलट घर विकायचं झालं तर तोटाच. तेव्हा खरीच धरा.

बंगळुरातलं मारतहळ्ळी. गेल्या उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आदल्या दिवशीची संध्याकाळ.

माझा चुलतभाऊ योगीराज लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. राहायला आमच्याच वरच्या मजल्यावर. काटकसर हाच त्याचा धर्म. बाजारातला सगळ्यात स्वस्त ‘वर्कस्टेशन’ कीबोर्ड शोधून आणला. त्यात आवाज भरता येतो, पण मेमरी कार्डावर जपला नाही, तर कीबोर्ड बंद करताच पुसला जातो.

कार्ड त्यानं घेतलंच नाही.

"कशाला अण्णा? गाणारी घरातच आहे की!"

गाणारी म्हणजे त्याची बायको, पवित्रा. दर वेळी कीबोर्ड चालू केला की तिनं माइकसमोर एकदा "आ" म्हणायचं. मग कुठलीही पट्टी दाबा, तिचाच "आ". एका बायकोत अख्खा कोरस!

"सरी, बरं, म्हणते. पण स्वल्प पाणी तरी द्या हो."

"आधी आ. मग पाणी."

जानेवारीत एका सकाळी ती असाच "आ" देऊन होसकोट्याला माहेरी निघाली. वाटेत लॉरीनं स्कूटर उडवली. जागीच गेली.

वर कीबोर्ड चालूच होता.

योगीराजनं तो बंद केला नाही. आता धावत जाऊन कार्ड आणलं. पडद्यावर आलं, ‘जतन झालं’...

कार्ड रिकामं.

फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकलं तर पट्ट्यांची नुसती टकटक.

मग त्यानं यूपीएस लावला. कामं सोडली. कीबोर्ड न्यायचा म्हणजे बंद करावा लागणार ना!

मी खालून ऐकायचो. तोच इवलासा "आ".

मग तो लांबायला लागला.

मध्येच श्वास ऐकू यायला लागला...

मग खोकला.

"योग्या, थकलीय रे ती. बंद कर."

"बंद केलं तर काय उरेल, अण्णा?"

 

उगादीच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली. बराच वेळ आली नाही. यूपीएस कोकलत राहिला, मग गप्प झाला.

मी वर धावलो. कीबोर्डचे दिवे विझलेले. योगीराज हात मांडीवर ठेवून बसलेला.

सुटली बिचारी, मनात म्हटलं.

आणि...

"आ..."

पट्टीवर कुणाचं बोट नव्हतं.

मी वायर उपटली. आवाज तसाच. बसलेला, खरखरीत.

योगीराज बटण दाबत सुटला. "थांब गं पवी... बस झालं... थांब..."

थांबवायला आता बटणच उरलं नव्हतं.

योगीराज आता बेळगावला बहिणीकडे असतो. कुठल्याच वाद्याला हात लावत नाही. कीबोर्ड मी भंगारवाल्याला फुकट दिला. दुसऱ्याच दिवशी त्यानं तो परत आणून दारात ठेवला. रिक्षाचं भाडंही मागितलं नाही. भंगारवाल्यानं!

आता कीबोर्ड माझ्याकडे आहे, ‘आ’ अजून चालूच. मी रोज त्याच्याशेजारी पाण्याचा पेला भरून ठेवतो.

पाणी तेवढंच राहतं.

तिचा घसा कोरडाच.